‘रेसिप्रोकेट’ म्हणजे काय

प्रिय सूनबाई,

‘सूनबाई’ म्हटलं की चिडतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं. ट्रेनिंग कसं चाललंय? तिथलं जेवण घशाखाली उतरतं ना? इकडे शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आलीय, मशीनला उसंत नाही. तू शिकवलेले व्यायाम रोज करते. गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. घरातच फिजिओथेरपिस्ट असली की आळस करायची सोय नसते.

निघायच्या आदल्या दिवशी तू गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होतीस. मी शेजारीच कपडे वाळत घालत होते. माझ्यापासून काही लपवायचं असलं की तू इंग्रजीत शिरतेस, हे मला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे. “आय कान्ट रेसिप्रोकेट,” म्हणालीस आणि डोळे पुसलेस. तो शब्द काही केल्या डोक्यातून जाईना.

परवा खालच्या मजल्यावरच्या टीचरबाई गाऊन शिवायला टाकायला आल्या. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या. माप घेताघेता त्यांना विचारलं. म्हणाल्या, “परतफेड करणे.” मी धसकलेच, पोरीनं कुणाचं कर्ज काढलं की काय. त्या हसल्या. “पैशांचं नाही हो. कुणी आपल्याला जीव लावला आणि आपणही लावला, तर ते रेसिप्रोकेट करणं. हे क्रियापद एकट्यानं होत नाही. आधी समोरच्यानं सुरुवात केलेली लागते.” मी म्हटलं, मग ‘कान्ट’ कशाला, ‘डोन्ट’ का नाही? त्या म्हणाल्या, “डोन्ट म्हणजे मनातच नाही. कान्ट म्हटलं, तर बहुतेक मनात असतं, पण काहीतरी आडवं येतं.” त्यांच्या बाह्यांचं माप लिहायचं राहूनच गेलं.

काय आडवं येतंय, ते मला कुणी शिकवायला नको. माझा मुलगा गेला तेव्हा तुझे बाबा तुला न्यायला आले होते. “आईंना एकटं टाकून येणार नाही,” म्हणालीस आणि भरलेली बॅग रिकामी केलीस. मी अन्न सोडलं होतं, तू रागावून भरवलंस. हाताला धरून पुन्हा मशीनवर बसवलंस. पोटच्या पोरीनं याहून काय केलं असतं?

समोरासमोर बोलायला बसलो असतो, तर दोघी रडलो असतो आणि विषय तिथेच राहिला असता, म्हणून हे लिहितेय. तुझ्या हॉस्पिटलातले ते एक्स-रेवाले तुला सोडायला येतात आणि फाटकातूनच मागे फिरतात. मी वरून पाहते. माणूस भला दिसतो. तू फाटक लावून आत येईपर्यंत ते हलत नाहीत. माझ्या मुलाला आपण दोघी विसरणार नाही, त्याची काळजी नको. पण त्याच्या नावानं आणि माझ्या नावानं तू ‘कान्ट’ म्हणू नकोस. तू कुठेही राहिलीस तरी मी तुझी आईच, तो हक्क काही मी सोडत नाही. परत येशील तेव्हा त्यांना वर घेऊन ये. त्यांच्या पँटची तुरपाई उसवलीय, पिन लावून फिरतात बिचारे. चहा होईपर्यंत घालून देईन.

तुझीच,
आई