पाच काडतुसं आणि वरची चिमूट

आबा,

खालच्या मळ्यातले तात्या गेले. त्यांचा थोरला परवा मुद्दाम उंब्रजहून सांगलीला आला, सोप्यात बसला, चहा घेतला आणि उठताना एकदम माझ्या पाया पडला. मी म्हटलं, अरे, मी काय तुझ्याहून फार मोठी आहे का! तर म्हणाला, "आक्का, बाप शेवटपत्तुर सांगायचा, माझं डोळं जमादाराच्या लेकीनं राखलं. भर गड्यांत तोंड उघडलं पोरीनं." तो गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही. जपाला बसते तर माळ मध्येच थांबते, किती मणी ओढले ते कळत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवणारी माणसंही आता फारशी उरली नाहीत. त्यातले तात्या एक. ते होते तोवर वाटायचं, कधीतरी त्यांनाच सांगून मोकळी होईन. आता तुम्हीच.

ते लढाईचे दिवस. तुम्ही पलटणीत हत्यारं दुरुस्त करून जमादार म्हणून पेन्शनीत आलेले, आणि नदीकाठच्या उसात डुकरं मातलेली. मेढ्याकडे रस्त्याच्या कामावर असलेल्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्याची जुनी रायफल तुम्ही परवाना काढून घेतलीत. पलटणीच्या मापाची गोळी बाहेरच्या माणसाला ठेवू देत नसत, म्हणून त्या साहेबाने कुठल्याशा कारखान्यात तिची नळीच बदलून घेतली होती. पितळी पुंगळी एका जातीची, तिचं तोंड आवळून बसवलेली गोळी दुसऱ्या जातीची. तसलं काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. सांगलीच्या दुकानदाराने रायफल उलटसुलट करून पाहिली आणि हसत म्हणाला, "जमादार, हिच्यापरीस दुसरी बायको परवडली असती. ती निदान घरातलं खाती." तुम्ही म्हणालात, "हीबी घरचंच खाईल की!" आणि तसंच झालं. वापरलेल्या पुंगळ्या राखेने घासायच्या, बुडाला ठिणगीच्या नव्या टोप्या बसवायच्या, बंदुकीची दारू तोलून भरायची आणि वर गोळी दाबायची. हे सगळं आपल्या स्वयंपाकघरात.

त्यासाठी तुम्ही एकादशीच धरायचात, कारण त्या दिवशी आई चूल पेटवत नसे. तरी तुम्ही चुलीत आणि शेजारच्या वैलात हात घालून राख गार आहे ना ते बघायचात, दिवा बाहेर न्यायला लावायचात, आणि आई उंबऱ्यात उभी राहून ऐकवायची, "आवं, देवाच्या दिवशी हे आसलं! माझं सैपाकघर हाय का दारूगोळ्याचं कोठार?" तुम्ही म्हणायचात, "विठोबाच्या किरपेनं चूल गार हाय. आजून काय पायजे?" मी साताऱ्याला मामाकडे राहून मॅट्रिक झालेली, सांगलीचं स्थळ ठरलेलं, लग्नाला तीन महिने होते. साहेबाने दिलेला कागद इंग्रजीत होता, तो मीच तुम्हाला वाचून दाखवला होता. दारू किती ते लिहून खाली त्याने एक ओळ दोनदा अधोरेखित केली होती, आणि तिचा अर्थ मीच सांगितला होता: याच्या वर कदापि जाऊ नये. मग तुम्ही कानशीने घासून घासून पितळेचा एक तुकडा बरोबर तेवढ्या वजनाचा केलात. सोनाराच्या ताजव्यात एका बाजूला तो तुकडा, दुसऱ्या बाजूला दारू. काटा सरळ झाला की पुंगळीत. माझा हात स्थिर म्हणून तोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या एकादशीला तात्या अंगणातून हाका मारत आले. रात्रीत डुकरांनी त्यांच्या उसाच्या खोडव्याचा निम्मा पट्टा लोळवला होता. शिवाय आदल्या खेपेला तुमचा बार डुकराला लागूनही ते पडलं नव्हतं, उलट एका गड्याची मांडी फाडून गेलं होतं. तात्या म्हणत होते, "जमादार, तुमची गोळी पोचती, पर बसत न्हाई बगा." तुम्ही मला म्हणालात, "पाच पुंगळ्या ऱ्हायल्यात, तेवढ्या भर. मी आलोच." मी पाचही अगदी काट्यावर तोलून भरल्या. आणि मग, आबा, माझा हात आपसूक डब्यात गेला. आपल्या घरात कुणाला धान्य घातलं, पीठ घातलं, तर आई कधी कोरं माप देत नसे. मापावर एक चिमूट जास्त. कोरं माप दिलं तर घराची बरकत जाते, असं मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. तात्यांचं बोलणं कानात होतं. उद्या तुमची गोळी कमी पडू नये एवढंच मनात होतं. मी देवाचं नाव घेतलं आणि पाचही पुंगळ्यांत चिमूट चिमूट दारू वर घातली. त्या अधोरेखित ओळीचा अर्थ सांगणारी मीच, पण ती ओळ चिमटीलाही लागू आहे हे डोक्यातच आलं नाही. चिमूट म्हणजे काही माप नव्हे, ती तर देवाची. तुम्ही आलात, गोळ्या दाबल्यात, पाचही काडतुसं माझ्या ओंजळीत ठेवलीत आणि म्हणालात, "झ्याक."

दुसऱ्या दिवशी, बारशीला, दुपार कलल्यावर तुम्ही रायफल घेऊन उसाकडे गेलात. दारात एक गोसावी आला. आई पिठाचं माप घेऊन गेली, झोळीत ओतलं, परत आत आली, चिमूटभर पीठ घेऊन गेली आणि त्याच्या झोळीत टाकलं. मी वात वळत होते. आईची ती तीन बोटं बघितली आणि माझ्या हातातला कापूस खाली पडला. तुम्ही सांगितलेला पलटणीतला तो शिपाई आठवला, ज्याच्या रायफलीची मागची कळ दारू जास्त झाल्याने फुटून तोंडावर आली होती आणि ज्याला तुम्ही हाताला धरून दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही डोळे गेले होते त्याचे.

मी अनवाणी पळत सुटले. पाटाच्या कडेने, काट्याकुट्यातून, पदर कुठे आहे याचं भान नाही. लांबून डबे वाजत होते, हाकारे सुरू झाले होते. प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता बार होणार, आता होणार. पोचले तेव्हा तुम्ही माचावर बसला होता, रायफल मांडीवर. खाली वीस-पंचवीस गडी. मी श्वास घेतला आणि तोंडातून निघालं ते भलतंच: "आबा, घरी चला. आईला घेरी आलीया." तुम्ही लगेच खाली उतरलात. तात्यांनी पुढे होऊन हात केला, "आणा ती हिकडं, मी बसतो माचावर. आज न्हाई सोडायचं त्येला." तुम्ही रायफल त्यांच्या हातात दिलीत, पाचही काडतुसं दिलीत, आणि आपण दोघं घराकडे निघालो.

बांधावरून पन्नासेक पावलं गेलो असू. तुम्ही थांबलात. "त्या रायफलीची कळ अडती मधीच. तात्याला न्हाई जमायचं. तू हो फुडं, आईला पाणी पाज, मी एक बार करून आलोच," असं म्हणून तुम्ही मागे वळलात. तेव्हा मी तुमचा हात धरला आणि ओरडले, "बार काढू नका! मी दारू जास्ती घातलीया. वर चिमूट घातलीया पाचीमदी!" तुम्ही धावलात. तात्यांनी दस्ता खांद्याला लावला होता. तुम्ही खालून नळी धरून वर ढकललीत. गड्यांतला एकजण हसला, "जमादार, लेकीनं डुकराला परसाद धाडलाय बगा!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. डुक्कर त्या गडबडीत पलीकडून निघून गेलं.

घरी येऊन तुम्ही आईकडे पाहिलंत. ती ताक घुसळत होती. चूल पेटलेली, म्हणून तुम्ही सोप्यातच घोंगडं टाकून बसलात आणि एकेक गोळी उपसून दारू ताजव्यात ओतलीत. पाचही वेळा दारूचं पारडं खाली गेलं आणि पितळेचा तुकडा वर उचलला गेला. मी म्हटलं, "आबा, काय झालं असतं?" तुम्ही पितळेचा तुकडा पारड्यातून उचलून फडक्यात गुंडाळलात. मग म्हणालात, "कदाचित कायच न्हाई. कदाचित." त्या उत्तरापायी मी किती वर्षं धड झोपलेली नाही, ते मला माहीत आणि देवाला. मला वाटलं होतं मार बसेल. पण संध्याकाळी तात्या आले तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, "चूक केली पोरीनं, ती तिला कळली. लाजंनं पन्नास पावलं तोंडातनं शबूद फुटंना. पर तुज्यासाटी फोडला, तात्या. परक्याच्या जिवासाटी." आणि त्यानंतर जो भेटेल त्याला तुम्ही हेच सांगितलंत. माझ्या लग्नात व्याह्यांनाही सांगितलंत. मी मान खाली घालून ऐकत राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, पोर लाजते आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर लिहायला धजले. लाज नव्हती, आबा, त्या पन्नास पावलांत. तुम्ही माझ्याशेजारून चालत होता, धडधाकट, दोन्ही डोळ्यांनी बांध बघत, आणि मी मनात पांडुरंगाचे आभार मानत होते. मागे माचावर तात्या चढत होते, ते मला ठाऊक होतं. तुम्ही मागे वळला नसतात तर मी बोलले नसते.