तिजोरीतले पासपोर्ट

शुगर लँड, टेक्सस
१९ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. आई वॉकर धरून चालायला लागली हे दीपावहिनीकडून कळलं, बरं वाटलं. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. आमचा आर्य स्विमिंगच्या स्पर्धेत दुसरा आला.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

आपल्या बांधकामाच्या साइटवर मेक्सिकोहून सीझनपुरत्या कामाच्या व्हिसावर माणसं आणायची ठरली, तेव्हा नियम मी तुला वाचून दाखवले होते. सेफ्टी ट्रेनिंग त्यांना समजेल अशा भाषेत द्यायचं. येण्याजाण्याचा खर्च आपला. आणि त्यांचे पासपोर्ट आपण ठेवून घ्यायचे नाहीत. तू म्हणालास, "विनू, तू कॉलेजात शिकवायला हवं होतंस." आणि सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून ऑफिसच्या तिजोरीत ठेवलेस. "हरवतील गं त्यांचे." ती काय बालवाडीतली मुलं आहेत? हे मी तेव्हा विचारलं, नंतरही विचारत राहिले. तुझं आपलं एकच, "बघू."

तू आईसाठी नाशिकला गेल्यावर, घरांचे लाकडी सांगाडे उभे करणारा मातेओ ऑफिसात आला. वडील शेवटच्या घटका मोजतायत म्हणाला, घरी जायचंय, पासपोर्ट द्या. मी लगेच तुला फोन लावला. तू म्हणालास, "छप्पर चढेपर्यंत थांबव त्याला. एकाला दिला की सगळे पळतील."

दादा, बाबा गेले तेव्हा तुझा व्हिसा अडकला होता. तू इथल्या सोफ्यावर बसून फोनवर त्यांचा अंत्यविधी पाहिलास. मी शेजारीच होते. आणि तूच हे बोलावंस? मला राग नाही आला. थकल्यासारखं झालं.

मी तिजोरी उघडली. मातेओला पासपोर्ट दिला, एअरपोर्टला सोडलं. परत येताना वाटलं, एकालाच का? साइटवर जाऊन ज्याचा त्याला दिला. एकाने उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि पासपोर्ट शर्टाच्या आत सरकवला.

दोघं पळाले हे सुपरवायझर राजारामने तुला कळवलंच. पासपोर्ट त्यांच्या हाती कसे आले, ते मी त्याला सांगू दिलं नव्हतं. बाकीचे सगळे कामावर आहेत. मातेओला वडील भेटले. त्यांचं सगळं उरकून तो परवा परत आला, आणि आल्या आल्या छपरावर चढला.

आता जे लिहायचं टाळतेय ते. पळालेल्यांपैकी एकाने तक्रार केली होती. काल लेबर खात्याची एक बाई आली. तिने विचारलं, पासपोर्ट कोणाकडे होते? राजाराम घाईघाईने म्हणाला, "मॅडम, फक्त सेफ ठेवायला घेतले होते." ती माझ्याकडे वळली. मी मान डोलावली असती तर ती कदाचित निघून गेली असती.

मी म्हणाले, "माझ्या भावाकडे. मागूनही दिले नाहीत."

तुला नोटीस येईल. वकील गाठ, आणि एकदा तरी त्याचं शेवटपर्यंत ऐक. मला कामावर ठेवायचं की नाही ते तू ठरव. राखी बांधायला मात्र मी येणार आहे. दार उघडायचं की नाही, तेही तूच ठरव.

तुझ्याविरुद्ध खरं बोललेली, तुझीच
विनू