पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं

कसबा बावडा, कोल्हापूर
ता. १४ नोव्हेंबर १९७९

चि. गुंडूस,

आक्काचे आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे असं वर लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तुझं पत्र मिळालं. तू काढलेल्या कार्टूनच्या सिनेमाला परदेशात बक्षीस मिळालं आणि त्यातली खरी ठिकाणं बघायला तिकडचे दोन पाहुणे तुझ्याबरोबर येणार, हे गल्लीत सगळ्यांना सांगून झालं. कुठं काय दाखवायचं ते तूच ठरव म्हणालास, तर ठरवलं आहे. नीट वाच. नेहमीसारखं मधलं गाळू नकोस.

गाडीतून उतरलात की आधी साखर कारखान्याकडं जाऊ. त्याच्या धुराड्याचा तू विडी ओढणारा राक्षस केलास ना, तो बघायला. हंगाम सुरू झालाय, धूर पोटभर मिळेल. पाहुण्यांना पांढरे कपडे घालू नका म्हणावं.

तिथून शाहूवाडीकडं, मामांच्या गावाला. भाताच्या खाचरांच्या पायऱ्या करून तू म्हैस चंद्रावर चढवलीस, ती खाचरं. भात कापून झालंय, त्यामुळं मोकळी दिसतील. हंबीरमामांना निरोप धाडला होता. म्हणाले, "येऊ दे की पावण्यास्नी. पर चंद्रावर चढणारी म्हस माझी न्हाय म्हणावं. माझी गाभण हाय." जेवायला तिथंच थांबायचं आहे. मामी वारल्या तेव्हा तू आला नव्हतास, पण तो विषय मामा पाहुण्यांसमोर काढणार नाहीत. तुझ्यापेक्षा त्यांना रीत कळते.

मग गावात परत येऊन थेटरात. हे तुझ्या सिनेमात नाही, मी माझ्या मनानं घातलंय. गेल्या दिवाळीत मोठ्या सिनेमाच्या आधी तुझं कार्टून दाखवत होते, तेव्हा आई गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन गेली होती. नवं लुगडं नेसली, थेटराच्या दारात नारळ फोडला. आत अंधार झाला आणि पडद्यावर एक जाडजूड म्हातारी आली, एका कुशीवर कलंडत, डुलत डुलत, आणि तिच्यामागून तिची म्हैस हुबेहूब तशीच डुलत. सगळं थेटर हसायला लागलं. आईला वाटलं, लोक खूश झाले, आपल्या लेकाचं कौतुक करतायत. ती उठून उभी राहिली आणि चारी बाजूंना वळून तिनं सगळ्यांना हात जोडले. पडद्यावरची म्हातारी आणि पुढ्यातली म्हातारी लोकांना एकदमच दिसल्या. त्यानंतर जे हसले ते मला लिहिता येत नाही. मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवली. पाहुण्यांना ती खुर्ची दाखवीन.

तेव्हापासून गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर आई 'कार्टूनबाई' झाली आहे. गिऱ्हाइकं ग्लास घेऊन उभी असतात, ती समोर म्हशीची धार काढते, आणि तिच्या पाठीमागं पोरं तिच्यासारखी डुलून दाखवतात. तिला कळत नाही असं नाही. तरी सगळ्यांना सांगते, "व्हय, मीच ती. माझ्या ल्येकानं काढलीया." मला तुझा राग येतो, गुंडू. इतका की तुझं नाव काढलं तरी हातातलं भांडं आपटतं.

आपला गोठाही पाहुण्यांना दाखवायला हवा. सिनेमात म्हैस लाथ मारते, म्हातारी छपरातून वर उडते आणि तिच्या डोक्याभोवती चांदण्या फिरतात, ती जागा. डाव्या हाताचा खुंटा. तू चार वर्षांचा होतास, जाऊन म्हशीच्या मागच्या पायाशी बसला होतास. आईनं तुला ढकललं आणि लाथ तिच्या खुब्यात बसली. तू भिंतीशी पडून टाळ्या वाजवत हसत होतास, आई उडाली म्हणून. ती डुलणारी चाल त्या दिवसापासूनची आहे. तुला हे कधी सांगायचं नाही, पोर मनाला लावून घेईल, असा तिचा हुकूम होता. तुझ्या मनाची ती फार काळजी करते. चांदण्या मात्र मला दिसल्या नव्हत्या, मी दारातच उभी होते.

राहिलं शेवटचं, ज्यासाठी पाहुणे एवढ्या लांबून येतायत. आई म्हैस घेऊन कट्ट्यावर निघालीय आणि ते फोटो घेतायत, असं तुझ्या मनात आहे. तू लिहिलं होतंस, "आईला सांग, सिनेमात आहे तशी जरा जास्त डुलत चाल. आतापासून सवय करून ठेव म्हणावं." ते मी तिला जसंच्या तसं वाचून दाखवलं. वाटलं, आता तरी चिडेल. तर म्हणाली, "आक्के, तू नीट बघितलंयस न्हवं? मग सांग, कसं चालू?"

रोज दुपारी लुगडं खोचून गोठ्यात चालायची. मधेच थांबून विचारायची, "आजून डुलू का गं?" एकदा मी ओरडलेच, "म्हशीला तरी लाज वाटंल, आई!" तर म्हणाली, "पाच वर्सं झाली, त्यो आला न्हाय. माझ्या आशा चालण्यानं येत आसंल, तर चालते की."

गेल्या सोमवारी ती शेणावरून पाय घसरून पडली. तोच खुबा. हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात आता उभं राहणं होणार नाही.

हे तुला कळवायचं नाही म्हणून तिनं मला अंबाबाईची शपथ घातली होती. "कळलं तर पावण्यास्नी नको म्हणंल. मग कशाला यील त्यो?" म्हणून वर क्षेम लिहिलं, आणि इथं शपथ मोडली. अंबाबाई माझं काय करायचं ते करील.

आईला वाटतंय की तिच्या पडण्याचं काही न लिहिता मी तुला एवढंच विचारलंय. तिचे शब्द देते. "खाटंवर बसून धार काढल्याली दावली, तर पावण्यास्नी पटंल का?" पटणार असेल तर कळव, म्हैस खाटेजवळ आणून बांधीन. नसेल पटत, तर तसं मला लिहू नकोस. मी वाचून दाखवणार नाही. ते तू तिच्या तोंडावर येऊन सांग.

आलास तर तिच्या पायांना हात लावू नकोस. नुसता धक्का लागला तरी किंचाळते. लांबूनच नमस्कार कर. तेवढं तुला जमतं.

तुझी,
आक्का