सराईवाली

४ फेब्रुवारी

भिंगरीची आई परत आलीये. कायमची. नवऱ्याने दारातच सांगून टाकलं— अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. पोरीला न्यायचं म्हणतेय. पोरगी तिची आहे, मी कोण? वडिलांची दुसरी बायको. मला मावशी म्हणते, आणि ते बरोबरच आहे.

जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवले. एका आजोबांच्या चष्म्याला भलतीच काडी लावली. "बाई, लक्ष कुठंय?" घरी आहे, आजोबा.

संध्याकाळी भिंगरीने टीव्हीवर नवा गेम लावला. "मावशी, आपण सराईवाल्या. वाटसरूंना मुक्कामाला ठेवणाऱ्या."

"आणि हा तलवारवाला?"

"तो हिरो. तो आपला नाही, कॉम्प्युटरचा. राक्षस तोच मारणार. आपण त्याची खोली झाडायची, फाटके बूट शिवून द्यायचे."

अकरा वर्षांची घोडी, घरात स्वतःची पेन्सिल उचलत नाही! सराई मात्र लखलखीत. निघताना तो मेला मागे वळूनसुद्धा बघत नाही. खूप हसलो.

११ फेब्रुवारी

समुपदेशक बाईंकडे गेलो. आईबाप दोघांनी ठरवलंय, पोरीच्या मनाप्रमाणे करायचं. कुठे राहायचं ते तीच सांगणार. ती एकटी आत, मी बाहेरच्या बाकावर. बाहेर आली ती माझा हात घट्ट धरून. काय बोलली, विचारलं नाही. आपला हक्क नाही.

१५ फेब्रुवारी

भिंगरीने शोध लावलाय. बूट शिवून दिले नाहीत तर हिरो निघतच नाही. सराईच्या ओट्यावर बसून राहतो.

"मग राक्षसाचं काय?"

"थांबेल की राक्षस."

रोज लावते आणि रोज मला विचारते, "मावशी, शिवू का बूट?" मी म्हणते, तुझी मर्जी. की हिचं तोंड एवढंसं.

१६ फेब्रुवारी

तिची आई दुकानात आली. चष्म्यासाठी नाही, मला बघायला. भली बाई आहे, हेच वाईट. नाव ठेवायला जागा नाही. "तुम्ही तिचं खूप केलंत," म्हणाली. केलंत! म्हणजे संपलंच की. मागच्या खोलीत जाऊन काचा पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून रडले.

२० फेब्रुवारी

ठरवलंय. मध्ये पडायचं नाही. पोरीचा पाय अडकेल असं काही बोलायचं नाही.

संध्याकाळी पुन्हा तेच, "शिवू का?" आज पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी हसून म्हटलं, "शिव बाई. किती दिवस अडकवून ठेवणार त्याला? जाऊ दे त्याच्या वाटेने."

तिने शिवले. टीव्ही बंद केला आणि आत जाऊन पडली. शहाणी आहे. डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही, म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं.

२२ फेब्रुवारी

आईकडे जाते म्हणाली.

१ मार्च

गेली.

बॅग मीच भरली. दप्तराची चेन अडकत होती, तर म्हटलं, "मेणबत्ती घास चेनला, सरकते." एवढी वर्षं वाढवलं आणि निरोपाला हे सुचलं! तिने मिठी मारली नाही. गाडीत बसली ती समोर बघत. राग आला मला तिचा. इतक्या लवकर परकी झाली. मग तिच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला, आणि धुववेना.

४ मार्च

नवरा भांडी विसळत होता. पाठमोराच बोलला. "समुपदेशक बाईंना तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं— मावशी राहा म्हणाली तर राहीन. पण मावशीला कुणी सांगायचं नाही, तिने आपणहून म्हटलं पाहिजे. मी रोज वाट बघत होतो गं."

त्याने नळ बंद केला.

"मला वाटलं, तुलाच नको आहे ती."