पात्यावरचा केस

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोन नंबरच्या पॅनलमध्ये केस उगवलाय!

हो, केसच. सकाळी पंप बदलताना मेन स्विच बंद केला, दार उघडलं, टॉर्च मारली — मधल्या पात्यावर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर, काळा, बारीक, टोकाला जरा वळलेला. आधी वाटलं माझाच गळला असेल. (उरलेत किती गळायला!) फुंकर मारली. हलला, पण पडला नाही. चक्क पात्यातून वर आलाय.

पंडितला बोलावलं. आम्ही दोघं या सांडपाण्याच्या प्लांटचे वायरमन, दोघंही पारोळ्याकडचे. त्याने बघितलं नि म्हणाला, "घशी टाक भाऊ. शेजारना पाताले टेकना ते भडका व्हई." खरं आहे त्याचं. उद्या घासू.

६ सप्टेंबर

नाही घासला. फोटो काढून हर्षदाला पाठवला. पोरगी बडोद्याला दगडांचं शिकते, भूगर्भशास्त्र. दगड पाहण्यासाठी बडोद्याला जायची काय गरज, आपल्याकडे शेतात काय कमी पडलेत — असं तिची आई, मंदा, म्हणायची. बोलायची असं, पण फीसाठी माझ्यामागे तीच लागलेली असायची.

आज विसर्जन. सुरतेतलं आमचं हे भेस्तान नुसतं दणाणतंय. भात टाकला, दह्याशी खाल्ला. फोटोला उत्तर नाही.

७ सप्टेंबर

हर्षदाचा फोन! आणि केवढा वेळ! एरवी आमचा फोन म्हणजे सुरू व्हायच्या आत संपतो. आज म्हणाली, "पप्पा, साचू? खरंच? तुमच्याच पॅनलमध्ये? हात लावू नका! कुणालाच लावू देऊ नका!"

मग समजावून सांगितलं. गिरण्यांच्या रंगाच्या पाण्यातून जो सडक्या अंड्याचा वास येतो, त्या वायूत गंधक असतं. पात्याला चांदीचा मुलामा. गंधक चांदीला खातं, काळं खनिज तयार होतं, आणि त्या खनिजाला असे केस फुटतात. चांदीच्या खाणीत हेच होतं म्हणे, जमिनीच्या पोटात. त्यांच्या सरांच्या कपाटात असा एक खडा आहे, त्यावर तारेचं वेटोळं. कपाटाला कुलूप. "आणि तुमच्याकडे फुकट उगवलाय!"

नाव सांगितलं — अ‍ॅकंथाइट. लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

तो वास मी जन्मभर शिव्या देत हुंगला. चांदीला केस फुटतात त्याच्याने! कमाल आहे.

१० सप्टेंबर

रोज फोन येतोय. रोज!

"पप्पा, केवढा झाला?" तांदळाच्या दाण्याएवढा, म्हटलं. "वळला का अजून?" वळला. "चमकतो?" बुडाशी चमकतो, वर काळा. ती लिहून घेते. मग तिचं सुरू होतं. निकेलच्या एका खनिजाचे केस पितळेसारखे पिवळे असतात. शिसं नि अँटिमनीचं एक आहे, त्याचा नुसता गुंता, न्हाव्याच्या दुकानात झाडून गोळा केल्यासारखा. मला अर्धं कळतं. पण ऐकायला बरं वाटतं.

१४ सप्टेंबर

एक गोष्ट लिहूनच टाकतो. इतक्या फोनांत पोरीने मी कसा आहे हे एकदाही विचारलेलं नाही. केस कसा आहे ते विचारते. केसाला ऊन लागत नाही ना, पाणी उडत नाही ना. बापावर पाणी उडालं काय नि बाप बुडाला काय!

जाऊ दे. फोन येतो ना.

१९ सप्टेंबर

पंडित आज चिडला. "भाऊ, तू पॅनल सांभाळस का केस पाळस?" मी म्हटलं, शेजारच्या पात्यापर्यंत अजून पुष्कळ जागा आहे, रोज बघतो ना मी. "आनि एक दिन नही देखं ते?"

बोलतो ते चूक नाही.

२३ सप्टेंबर

गरबे सुरू. खालच्या मैदानात सगळी बिल्डिंग उतरलीय. वरच्या गॅलरीतून बघितलं थोडा वेळ. मंदाला यायचा गरबा, गुजराती बायकांच्या बरोबरीने. पण मला काही ती कधी खाली ओढून नेऊ शकली नाही. तीन वर्षं झाली तिला जाऊन. अजून चहा टाकताना पाणी दोघांचं पडतं.

कुणाशी मराठीत बोलायचं तर पंडित, तोही ड्युटीपुरता. शेजारी ओडिया. दुकानात गुजराती. मग ही वही. आणि आता संध्याकाळचा फोन.

२७ सप्टेंबर

हर्षदाला खरं सांगितलं, केस शेजारच्या पात्याकडे झुकलाय, पंडित ओरडतोय. ती लगेच म्हणाली, "पंडितकाका बरोबर बोलतात. खंडेनवमीला सगळं बंद असतं ना? तेव्हा चिमट्याने बुडापासून अलगद काढा, कापसावर ठेवा, डबीत. धक्का लागू देऊ नका. मी नेईन."

डबी आणली. कापूस आणला. सगळं तयार आहे.

पण एकदा केस डबीत गेला की रोज विचारायचं काय? डबी कशी आहे?

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

गेला.

मीच वेळ काढला. सकाळी वीज बंद झाली, पॅनलची दारं उघडली, तेव्हाच काढायचा होता. पण मनात आलं, आधी झेंडू घेऊन येऊ, हार होऊ दे, मग काढू. एरवी फुलं आणायला मी कधी जात नाही. दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं असतं. गेलो, रमतगमत गेलो, भावसुद्धा केला.

परत आलो तर सखुबाई पॅनलसमोर बसलेली. झाडलोट करते आमच्याकडे, परभणीकडची. हातात दंतमंजन नि फडकं. तिन्ही पाती लखलखीत! वर हळदीकुंकवाची बोटंसुद्धा ओढलेली.

"लई काळं पडलं व्हतं ओ, भाऊ. तुमीच म्हनले व्हते ना, चांदीचं हाय म्हून. काळ्या चांदीची पूजा करत्यात का कुठं? अन् मधी जळमट बी व्हतं. काढलं."

जळमट!

फडकं झटकून बघितलं. काही नाही. नुसती राखाडी पूड. तिला काय बोलणार? घरच्या देवांचे टाक उजळावेत तशा भक्तीने घासलं तिने. चांदीचं पातं म्हणून फुशारकी मारणाराही मीच. "छान केलं सखुबाई," म्हटलं. ती खूश झाली, मला प्रसाद जास्तीचा दिला.

पंडित सुटल्यासारखा हसला. संध्याकाळी फोन वाजला, उचलला नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

उचलला. "काढला का पप्पा?"

तोंडातून निघून गेलं — नाही काढला. अजून वाढू दे म्हटलं.

"मग केवढा झाला?"

नखाएवढा, म्हटलं.

सोनं द्यायला कोणी आलं नाही. पंडितकडे जाऊन दिलं.

५ ऑक्टोबर

खोटं बोलायलाही रोज नवीन काहीतरी लागतं. नुसता "वाढला, वाढला" किती दिवस म्हणणार? आज सांगितलं, टोकाला दोन फांद्या फुटल्यात, हरणाच्या शिंगासारख्या. मला माझंच कौतुक वाटलं.

"टोकाला?" तिने विचारलं. हो, टोकाला, म्हटलं.

मग म्हणाली, "अच्छा. कोणत्या दिशेला?"

उजवीकडे, म्हटलं. लिहून घेतलं असणार.

९ ऑक्टोबर

फोन चालूच आहे. आता जास्त वेळ बोलते. केसावरून प्लांटवर आली, प्लांटवरून पंडितवर, सखुबाईवर. सखुबाईचं नाव निघालं की मी घाईने पुन्हा पंडितवर येतो.

रोज सकाळी पॅनल उघडतो. पातं आरशासारखं. उगव ना रे बाबा! वास तर तोच आहे.

१२ ऑक्टोबर

दिवाळीला येते म्हणाली. "केस बघायला."

मेलो!

एरवी ती यायची म्हटलं की मी गाद्या उन्हात टाकतो. आज पाटावर बसून राहिलो. पोरगी येणार आणि बापाला धडकी! असा दिवाळसण कुणावर येऊ नये.

१५ ऑक्टोबर

सुरतेत राहून हे सुचायला इतके दिवस लागले. चौकबाजारच्या बाजूला एका जरीवाल्याकडे गेलो. खरी जर मागितली, चांदीची तार, केसाएवढी बारीक. त्याने विचारलं, "साडी माटे?" मी म्हटलं, नाही, पूजेसाठी.

दिव्यावर काळी केली, नखाने वळवली, एम-सीलने पात्यावर चिकटवून बघितली. पंडित मागे येऊन उभा राहिलेला मला कळलंच नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती. उपटली, एम-सील खरवडून पातं साफ केलं.

माणूस एकटा पडला की काय काय करतो.

१७ ऑक्टोबर

सांगून टाकायचं. स्टेशनवरच. घरात आल्यावर नको, नाहीतर सणावारी तोंड लपवत हिंडावं लागेल. रागावली तर रागावली. उलट्या गाडीने निघून गेली तर… गेली.

१८ ऑक्टोबर, धनतेरस

सांगितलं. पिशवी हातात घ्यायच्या आधीच सांगितलं.

हर्षदा म्हणाली, "पप्पा, मला माहीत आहे. तो केस बुडातून वाढतो. टोक सगळ्यात जुनं असतं, त्याला फांद्या फुटत नाहीत. तुम्ही हरणाची शिंगं काढलीत त्याच दिवशी कळलं."

मग रोज फोन कशाला करत होतीस?

"केसाचं विचारलं की तुम्ही बोलता. तुमचं विचारलं की 'बरा शे' म्हणता नि ठेवून देता. केस उगवायच्या आधी चार-पाच वेळा झालं तसं. मग मी विचारायचंच सोडलं."

रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आता सांगा. तब्येत कशी शे?"

जिना चढताना गुडघा दुखतो, तिथून सुरुवात केली. भेस्तान आलं तरी संपलं नव्हतं.