मिरचीसोबत पाठवायचं पत्र

३ फेब्रुवारी, दोंडाईचा
आमच्या मिरची व्यापारी मंडळाला शेजारच्या देशातून तीन वर्षांची ऑर्डर मिळतेय. देशाचं नाव इथेही लिहीत नाही. डायरी कुणाच्या हाती लागली तर संबंध बिघडायचे. तिथे पत्रकार तुरुंगात आहेत. मी मंडळाचा सेक्रेटरी, एम. ए. पॉलिटिक्स, गप्प बसून मिरची विकणार नाही. करारासोबत मानवी हक्कांवर कडक पत्र जाईलच.

५ फेब्रुवारी
मसुदा तयार. चार पानं, 'तीव्र निषेध' सात वेळा. अध्यक्ष रतिलालशेठ वाचून म्हणाले, आपले मिरची इकनी शे का भांडन करनं शे? विचार केला. निषेध जरा पोरकटच वाटतो. 'तीव्र चिंता' केलं.
दुपारी धुरपदाबाई आली. मिरचीची देठं खुडणाऱ्या पन्नास बायांच्या वतीने. म्हणाली, भाऊ, हातनी नुसती आग व्हस, घर जाईसन नातले हात लावता येत नही, आमले बठ्ठासले हातमोजा लई द्या. म्हटलं, अक्का, थोडं थांबा, सध्या हक्कांच्याच कामात आहे.

९ फेब्रुवारी
'चिंता' काढून 'उत्सुकता' केलं. स्वतःला विचारलं, आपण घाबरतोय का? प्रामाणिक उत्तर: नाही. बॅलन्स करतोय.
धुरपदाबाई पुन्हा. नात झेपावते तेव्हा ही हात पाठीमागे लपवते म्हणे. आतून हललो. लगेच पत्रात 'मानवी संवेदना' हा शब्द घातला.

१४ फेब्रुवारी
पत्र आता एका ओळीचं. 'आपल्याकडील सर्व नागरिक सुखरूप असतील अशी आशा.' शेठ म्हणाले, 'सर्व' काढा, संशय येतो. काढलं. आशय तोच राहिला.
हातमोज्यांसाठी समिती नेमली. सदस्य मी एकटा. आज डोकं दुखत होतं, कोरम झाला नाही.

१९ फेब्रुवारी
तिकडचा प्रतिनिधी माल पाहायला आला. मिरची कमी, बायांचे हातच जास्त पाहत होता. धुरपदाबाईशी मोडक्या हिंदीत बराच वेळ बोलला. पत्र माझ्या खिशात होतं. जेवणानंतर द्यायचं ठरवलं. शेवभाजी झकास होती. राहून गेलं.

२६ फेब्रुवारी
त्यांचंच पत्र आलं. देठं खुडणाऱ्या बायांना हातमोजे, साबण आणि सावली मिळाल्याशिवाय माल घेणार नाहीत. वर 'तीव्र चिंता'! हा आमच्या अंतर्गत बाबींत सरळसरळ हस्तक्षेप आहे. आधी स्वतःचे पत्रकार सोडा म्हणावं. तडक चार पानी उत्तर लिहिलं, 'तीव्र निषेध' अकरा वेळा. शेठ म्हणाले, उत्तर ठेवा, हातमोजे आणा.

३ मार्च, संध्याकाळी ५
हातमोजे आणि साबण वाटले. वर हिरवं कापडही ताणलं. तसं पाहिलं तर माझंच पत्र जिंकलं. त्यांनी आधी पाठवलं, एवढंच.
सुटीनंतर धुरपदाबाई ऑफिसवरून गेली. सून नातीला घेऊन आली होती. धुरपदाबाईने नातीला उचलून कडेवर घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मी टेबलावर लिहीतच होतो. नातीने माझ्याकडे बोट करून विचारलं, हाऊ कोन शे?
धुरपदाबाई चालता चालता म्हणाली, हाऊ? हाऊ लिखस.