आक्काच्या मुक्कामाची पाहणी

॥ श्री ॥

मु. जानेफळ, तालुके मेहकर, जिल्हे बुलढाणे, प्रांत वऱ्हाड
माघ शुद्ध पंचमी, शके १८५५

श्रीयुत शेषराव यांस, मुक्काम मलकापूर,

तुळशीराम निवृत्ती याचा साष्टांग नमस्कार पोहोचावा. येथील मंडळी ईश्वरकृपेने चालती-बोलती आहेत (बोलती अधिक). आपली प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावे. आपला खोकला, जो कारखान्यातील कापसाच्या धुळीने येतो असे आपण म्हणता आणि जो विडीने येतो असे आपल्या वहिनी म्हणतात, तो उतरला असेल अशी आशा आहे. (वहिनी म्हणजे माझी थोरली बहीण आक्का, मनकर्णाबाई. आपण तिचे धाकटे दीर असल्याने हे आपणास ठाऊकच आहे. परंतु पत्रात नाते स्पष्ट लिहावे असे आम्हांस मराठी चौथीत शिकविले होते, आणि ती परीक्षा मी पास झालेलो आहे.)

हकीकत अशी की, संक्रांतीच्या आधी आक्का अंगणात पाय घसरून पडली. हाड शाबूत राहिले, परंतु डोक्यात एक विचार शिरला तो निघत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला ओसरीवर बोलावून सांगितले, "तुळश्या, मले आता तुह्या घरातून काढ." मी कारण विचारले. "काऊन म्हंजे? माहेरात मरू नये बाईनं. भावाच्या घराले बोल लागते." आता, लग्न झालेल्या बाईने डोळे मिटावेत ते सासरच्या छपराखाली, ही रीत आपल्याकडे आहे हे मी नाकारीत नाही. नाकारणार तरी कसा? गावात रीतीभातीचा प्रश्न निघाला की लोक मलाच विचारावयास येतात. दाजी प्लेगाच्या साली गेले, पुढे साखरखेर्ड्याचे आपले घर परक्या हाती गेले, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. सासरचे छप्पर म्हणून जे काही उरले ते आपण. मी आपले नाव काढले. त्यावर ती म्हणाली, "भावजीची खोली माडीवर. त्या शिडीवर मी काय घोरपडीसारखी चढू?" (राग मानू नये. गुडघ्यांमुळे म्हणाली.) मग तिनेच निकाल दिला की एखादा मठ, धर्मशाळा असे काही पाहावे, जे माहेरही नाही आणि सासरही नाही, म्हणजे तेथे मेल्याने कोणासच काही लागत नाही. आणि लगेच बोचके बांधून ओसरीवर ठेविले. आमची सून रुख्मिणी ते रोज सकाळी कपडे उन्हात घालण्याच्या निमित्ताने सोडते, आणि आक्का ते रोज संध्याकाळी पुन्हा बांधते.

सबब मी पाहणीस निघालो. गाडी शकूरची. (तोच, ज्याच्याबरोबर आपण एकदा चिंचेवरून पडला होता. आता त्याला एकही दात नाही, परंतु बोलणे होते तितकेच आहे.) पहिला एक मठ पाहिला, गावाचे नाव लिहीत नाही. मी स्वच्छ धोतर, कोट, पागोटे अशा पोशाखात उतरलो. तेथील कोठाऱ्याने माझा हात धरला, काठी काढून घेऊन कोपऱ्यात टेकविली, आणि मला एका पथारीवर बसवून शकूरला विचारले की यांना पथ्य काय आहे. मी खुलासा करणार तोच शकूर उत्तरला, "भात कमी द्या महाराज. आन् उलट बोलू नका, राग लय लवकर येते त्याइले." कोठारी मान हलवून म्हणाला, "येते, सुरुवातीले सगळ्याइलेच येते. मंग बसते." पाहणी करण्यासाठी आलेला इसम मीच आहे हे त्यास पटवून देण्यात दुपार गेली, आणि मी जसजसा आवाज चढवीत गेलो तसतशी त्याची खात्री होत गेली. घरी येऊन मी आक्कास सांगितले की तेथील पाणी जड आहे.

दुसरी जागा नदीकाठची धर्मशाळा, कोणा व्यापाऱ्याने बांधलेली. येथे मात्र माझी फार पंचाईत झाली. छप्पर चांगले, विहीर गोड, स्वयंपाकी वृद्ध व सोशीक. पडवीत तीन म्हाताऱ्या ऊन खात बसल्या होत्या. त्यांपैकी एकीने मला जवळ बोलावून विचारले, "तुमची बहीन भांडते काय हो?" मी म्हटले, आमच्या घराण्यात तसे काही नाही. तिचे तोंड उतरले. "मंग काय उपयोग? आमच्यातली भांडनारी आखाडात गेली. तवापासून दिवस सरत नाई." शेषराव, खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आक्का त्या पडवीत बसलेली उभी राहिली: पाय पसरलेले, हातवारे चाललेले, आणि त्या तिघी सुखाने तिच्याशी भांडत आहेत. इतकी योग्य जागा उभ्या जिल्ह्यात नसेल. म्हणून मी दोष शोधावयास लागलो. कोठीघर पाहिले, मोरी पाहिली, कौले काठीने वाजविली. अखेर लक्षात आले की इमारतीचे तोंड दक्षिणेस आहे. तेवढ्यावर मी नापसंती कळविली. परत येताना अर्ध्या रस्त्यात शकूर कासरा सैल सोडून मागे वळला आणि म्हणाला, "पाटील, दक्षिनेकडं तं तुमच्या गोठ्याचंही तोंड हाय. मेल्या काय म्हशी?" मी त्यास सांगितले की बैलांकडे लक्ष दे.

तिसरी जागा शहरातली, सुधारक मंडळींचा आश्रम. तेथील चालक बाई शिकलेल्या आणि बोलण्यात फार आर्जवी. त्या म्हणाल्या, येथे वृद्ध स्त्रियांनाही अक्षरओळख करून देतात. वर्ष सरत नाही तोच आपली भगिनी आपल्याला स्वहस्ते पत्रे लिहील. हे ऐकून मला आनंद व्हावयास पाहिजे होता. मी स्वतः विद्येचा अभिमानी आहे. परंतु मला एकदम साखरखेर्ड्याचे आपले घर आठवले. आमच्या आईच्या पश्चात आक्काने मला तेथे शाळेसाठी नेऊन ठेविले. सासुरवाशिणीने भाऊ सासरी आणून ठेवणे त्या काळी सोपे नव्हते, आणि त्यासाठी तिने काय काय ऐकून घेतले ते आपण लहान असल्याने आपणास आठवणार नाही. मला आठवते. आपण आणि मी एकाच गोधडीत निजत होतो व गोधडी आपण ओढीत होता. ती भाकरी थापता थापता माझा धडा ऐकत असे. तिला स्वतःला काना-मात्रा कळत नव्हती, परंतु मी कोठे थापा मारू लागलो की तव्यावरची नजर न हलविता म्हणे, "पुन्हा म्हन." मी म्हणे, तुला कोठे वाचता येते? तर म्हणे, "मले वाचता येत नाई, पन तुले येत नाई हे मले दिसते." परीक्षेसाठी मेहकरला ती माझ्याबरोबर पायी आली. शाळेबाहेर निंबाखाली बसून राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास सांगत राहिली की आत जो लिहितो आहे तो माझा भाऊ आहे. आत बत्तीस-एक पोरे लिहीत होती, पण लोक खिडकीतून नेमके माझ्याकडे पाहत. त्या ताज्या कडुनिंबाच्या वासासारखे स्वच्छ दिवस पुन्हा आले नाहीत, असे माझे प्रामाणिक मत आहे. (हे वाक्य थोडे सजविलेले झाले. राहू द्यावे.)

तर त्या चालक बाईंना मी नम्रपणे सांगितले की आमच्या भगिनीस लेखनाची गरज नाही, तिचे म्हणणे तोंडानेच पुरेसे पोहोचते. मनात दुसरे होते. बहिणीचे पत्र टपालाने यावयाचे म्हणजे बहीण ओसरीवर नसावयाची, आणि ते पत्र मी कोणाजवळ बसून वाचावे?

घरी आलो तो आक्का बोचक्यावर हात ठेवून बसलेली. मी सांगितले, तेथे जिने फार आहेत. ती म्हणाली, "तुळश्या, तुले जागा पसंत पडून नाई राह्यली, का माहं जानं?" मी उत्तर दिले की दोन्ही बाबींचा विचार चालू आहे.

तात्पर्य, जिल्ह्यात योग्य ठिकाण नाही. आपल्या पाहण्यात एखादे असल्यास कळवावे. घरी सर्वांस यथायोग्य सांगावे व लोभाची वृद्धी करावी, ही विनंती.

आपला,
तुळशीराम निवृत्ती

ता. क. — वर लिहिलेले ठिकाण आपण शोधू नये. मुख्य गोष्ट लिहावयाची राहिली. आमच्या अंगणाच्या मागील भिंतीपलीकडे कडब्याची खोली आहे, जिचे दार मागच्या गल्लीत उघडते. ती मी आपल्याला बक्षीस देऊ इच्छितो; चार माणसांसमक्ष पानसुपारी व्हावी आणि खोली आपली व्हावी. छप्पर आपले झाले की ते आक्काचे सासर झाले. रीतही राहते आणि आक्काही राहते. आपण मात्र तिला वेगळे पत्र घालावे की जानेफळास आपली एक खोली रिकामी आहे, वहिनींनी तेथे येऊन राहावे. ही युक्ती माझी असे त्यात येऊ देऊ नये, आणि भाषा साधी ठेवावी, कारण माझी भाषा ती ओळखते. अक्षर सुवाच्य काढावे. पत्र तिला मीच वाचून दाखविणार आहे, आणि मला आश्चर्यही वाटावयाचे आहे.

आणखी ता. क. — आक्कास वेगळे घालावयाच्या त्या पत्राचा उपयोग आता उरला नाही. मी लिहीत असता आक्का मागे येऊन उभी राहिली व म्हणाली, "भावजीले येवढं काय रामायन लिहून राह्यला?" मी सांगून टाकले. तिने गालावर बोट ठेवून विचार केला आणि रुकार दिला, परंतु अटी घातल्या आहेत. एक, दिराने जातीने गाडी घेऊन मूळ म्हणून तिला न्यावयास यावे. ती अशी उठून सासरी जाणार नाही. दुसरी, गाडी आमच्या पुढच्या दारातून निघून मारुतीवरून, बाजारातून, साऱ्या गावाला दिसेल अशी फिरून मागच्या गल्लीत यावी. (शकूरला कळले आहे. तो झूल धुवावयास गेला.) तिसरी, सासरी एक रात्र काढली की दुसऱ्या दिवसापासून ती माहेरपणाला येणार, आणि माहेरपण किती दिवसांचे ते ती ठरविणार. त्यासाठी मधल्या भिंतीत दार पाडावे, आणि ते पुष्कळ रुंद पाडावे. माहेरपणाला असताना तिची वेळ आलीच, तर बाजेसकट उचलून तिला झटपट सासरी नेता आले पाहिजे, म्हणजे या घराला बोल लागणार नाही. बोचके तिने स्वतः सोडले. आपण येण्याची तिथी उलट टपाली कळवावी.

शेवटची ओळ — दाराचे माप घ्यावयास युसूफ मिस्त्री आत्ताच येऊन गेला. मी त्याला आक्काची बाज दाखविली, आणि ती उभी, आडवी, तिरपी, कशीही धरली तरी निघणार नाही एवढेच दार करावयास सांगितले आहे. हे आक्कास कळवू नये.